'द बिग कंट्री' (1958): तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न आणि माझी उत्तरं

हा पिक्चर मी ज्याला त्याला बघायला सांगते आणि मग दोन दिवसांनी मेसेज येतो की अगं ते अमुक कळलं नाही, तमुक का झालं. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळे एका जागी लिहून काढलेत. प्रश्न 9 पर्यंत बिनधास्त वाचा, त्यात शेवट फुटत नाही. 10 पासून पुढे सगळं उघडं आहे, तेव्हा बघितला नसेल तर आधी बघा आणि मग या.

1. हा नक्की कुठला पिक्चर? कोणाचा आहे?

1958 चा हॉलिवूडचा वेस्टर्न. डायरेक्टर विल्यम वायलर. हीरो ग्रेगरी पेक, आणि तो वायलरबरोबर प्रोड्यूसर पण होता (त्यावरनं पुढे काय रामायण झालं ते प्रश्न 19 मध्ये). बाकी जीन सिमन्स, कॅरल बेकर, चार्लटन हेस्टन, बर्ल आइव्ह्ज, चार्ल्स बिकफर्ड, चक कॉनर्स. मूळ गोष्ट डोनाल्ड हॅमिल्टनची, 1957 मध्ये अमेरिकेतल्या 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' साप्ताहिकात क्रमशः छापून आली होती.

2. स्टोरी काय आहे? शेवट न सांगता सांगा.

जेम्स मॅके म्हणून एक जहाजाचा कॅप्टन, पूर्वेकडच्या बाल्टिमोरचा, समुद्र सोडून पश्चिमेला सॅन राफाएल नावाच्या गावात येतो कारण त्याचं लग्न ठरलंय पॅट्रिशिया टेरिलशी. तिचे वडील मेजर टेरिल म्हणजे तिथले बडे रँचवाले. आल्या आल्या त्याला कळतं की आपल्या होणाऱ्या सासऱ्याचं आणि डोंगराकडच्या हॅनसी घराण्याचं हाडवैर आहे आणि आता जावई म्हणून आपण आपोआप एका बाजूला धरले गेलोय. त्याला कोणाचीच बाजू नकोय. तिथल्या माणसांना ही गोष्टच कळत नाही की एखादा माणूस भांडायला नको म्हणतो पण घाबरत नाही, आणि पिक्चर सगळा त्यावर आहे.

3. कोण कोणाचं तेच लक्षात राहत नाही, जरा नीट मांडून सांगा ना.

टेरिलांकडे: मेजर हेन्री टेरिल (बिकफर्ड), त्यांची एकुलती मुलगी पॅट्रिशिया (कॅरल बेकर), आणि फोरमन स्टीव्ह लीच (हेस्टन), जो रक्ताचा नाही पण मेजरनंच लहानाचा मोठा केलेला. यांच्या रँचचं नाव 'लॅडर'. मोठा पांढरा बंगला, झुंबरं, पार्ट्या.

हॅनसींकडे: म्हातारा रूफस (बर्ल आइव्ह्ज), मोठा मुलगा बक (चक कॉनर्स), आणखी भावंडं आणि बायकापोरांचा मोठा खटला. राहतात ब्लँको कॅन्यन या पांढऱ्या खडकांच्या दरीत, लाकडी खोपटांत.

मधे उभी असलेली ज्युली मॅरेगॉन (जीन सिमन्स), गावातली शाळामास्तरीण, पॅट्रिशियाची मैत्रीण. तिच्या आजोबांकडनं तिला 'बिग मडी' रँच मिळालीय, तिथे आता कोणी राहत नाही पण नदी तिथनंच जाते. आणि रामॉन, टेरिलांच्या रँचवरचा मेक्सिकन गडी, जो मला वाटतं या सगळ्यांत मॅकेला पहिल्यांदा ओळखतो.

काही जणांनी याला भाऊबंदकीचा पिक्चर म्हटलंय, पण तसं नाहीये. ही दोन घराणी एकमेकांची कोणी लागत नाहीत. शेजारी आहेत एवढंच.

4. भांडण कशावरनं चाललंय?

वरवर बघितलं तर पाण्यावरनं. बिग मडीची नदी दोघांच्या गुरांना लागते, आणि दोघांनाही ती रँच ज्युलीकडनं विकत हवीय म्हणजे दुसऱ्याचं पाणी तोडता येईल.

पण आता एक गोष्ट नीट बघा, कारण माझ्या मते पिक्चरची किल्ली इथे आहे. पिक्चर सुरू होतो तेव्हा तहानलेलं कोणीच नाहीये! ज्युलीच्या आजोबांनी दोघांनाही पाणी भरू दिलं, ज्युलीही देते, दोघांचीही गुरं पितात. म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटलेलाच होता आणि तरी वैर चालूच होतं. पुढे मेजरची माणसं हॅनसींची गुरं नदीवरनं हुसकावून लावतात तेव्हा कुठे खरा तुटवडा तयार होतो, म्हणजे भांडणानं पाण्याचा तुटवडा आणला, तुटवड्यानं भांडण नाही. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मी पण "पाण्यासाठी लढाई" असंच सांगत फिरायचे सगळ्यांना.

5. पण एका नदीचं एवढं महत्त्व? अमेरिकेत तर जमीनच जमीन होती ना?

जमीन होती, पाणी नव्हतं. अमेरिकेच्या पश्चिम भागात पाऊस इतका कमी की शेती सोडा, गुरांना पण मैलोन् मैल माळ लागायचा. 1862 च्या होमस्टेड कायद्यात सरकार एका कुटुंबाला 160 एकर द्यायचं, पूर्वेकडच्या ओल्या भागात ते भरपूर होतं, पण कोरड्या माळावर 160 एकरांत गुरांचा कळप जगतच नाही. जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भतज्ञानं 1878 च्या रिपोर्टात सांगितलं होतं की इथे चराईसाठी एका कुटुंबाला 2,560 एकर तरी द्या, आणि जमिनीचे तुकडे असे पाडा की प्रत्येकाला पाणी पोचेल. कोणी ऐकलं नाही.

मग झालं असं की आसपासचा माळ सरकारी, कोणीही चारावं, पण ज्याच्या नावावर नदीकाठचा तुकडा तो आजूबाजूच्या सगळ्या माळाचा मालक झाल्यासारखाच, कारण पाण्याशिवाय त्या गवताचा उपयोग काय? उन्हाळ्यात एका मोठ्या जनावराला दिवसाला 50-60 लिटर पाणी सहज लागतं, हजार जनावरं धरा आणि करा हिशोब. म्हणून दोन्ही म्हातारे एका शाळामास्तरणीच्या ओसाड रँचभोवती घिरट्या घालतायत.

कायद्याचं विचाराल तर पूर्वेकडे नियम होता की ज्याची जमीन काठाला लागते त्याचा पाण्यावर हक्क, आणि पश्चिमेत हळूहळू दुसराच नियम रुजला की ज्यानं आधी पाणी वापरायला घेतलं त्याचा हक्क आधी. पिक्चरमध्ये कोर्टबिर्ट काही येत नाही, खरेदीखत ज्याच्या हातात त्याची नदी असंच सगळे धरून चालतात.

6. वैराची सुरुवात कशी झाली? मी तो सीन मिस केला का?

नाही, मिस नाही केलात. तो सीनच नाहीये. पहिली आगळीक कोणी केली, कोणाचं काय लुटलं, कोण मेलं, पिक्चर हे मुळापासनं कधीच सांगत नाही. दोघं एकमेकांचा जुना हिशोब काढतात पण सुरुवात कोणीच सांगत नाही, आणि मला हे फार खरं वाटतं. जुन्या वैरात पहिलं कारण कधीच विसरलेलं असतं, राहते ती फक्त सवय. मॅकेचे वडील पण असेच एका निरर्थक द्वंद्वात गेले होते, आणि तीच पिस्तुलांची जोडी तो मेजरला भेट म्हणून आणतो. ती जोडी लक्षात ठेवा, प्रश्न 15 मध्ये परत येईल.

7. हे खऱ्या घटनेवर आहे का? हॅटफिल्ड आणि मॅकॉय म्हणजे हेच का?

नाही, गोष्ट काल्पनिक आहे. हॅटफिल्ड-मॅकॉय वैर खरं, पण ते केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेवरचं, टग फोर्क नदीच्या दोन काठांवर, म्हणजे पश्चिमेतलं नाहीच. ते 1860 च्या दशकापासनं धुमसत होतं, 1878 मध्ये एका डुकराच्या मालकीवरनं कोर्टात गेलं, आणि 1888 च्या पहिल्याच दिवशी मॅकॉयांच्या घरावर हल्ला झाला.

गुरं आणि चराईच्या अंगानं जवळचं खरं उदाहरण हवं असेल तर ॲरिझोनातलं प्लेझंट व्हॅलीचं वैर, ग्रॅहम आणि ट्यूक्सबरी ही दोन घराणी, 1880 च्या दशकात. आधी गुरंचोरीचे आरोप, मग 1887 मध्ये खोऱ्यात मेंढ्या आल्या आणि भडका उडाला. शेवटचा बळी टॉम ग्रॅहम, 1892 मध्ये. तोपर्यंत दोन्ही घराण्यांतले पुरुष जवळजवळ संपले होते. पिक्चरचा शेवट बघितल्यावर मला हेच आठवत राहतं.

8. पावणेतीन तासांचा आहे, बोअर होईल का? मोबाईलवर बघितला तर चालेल?

166 मिनिटं आहे आणि हो, संथ आहे. पण कंटाळवाणा नाही. वायलरला घाई नाही एवढंच, आणि जो संथपणा आहे तो माळरानाचा आहे.

मोबाईलवर मात्र नका बघू, कळकळीनं सांगते. हा टेक्निरामा पद्धतीनं शूट केलाय, त्यात 35 मिमीची फिल्म कॅमेऱ्यात उभी न जाता आडवी सरकते म्हणून एकेका फ्रेमला जवळजवळ दुप्पट जागा मिळते आणि चित्र प्रचंड स्वच्छ येतं. कॅमेरामन फ्रान्झ प्लॅनर. त्यानं माणसं मुद्दाम मुंगीएवढी ठेवलीत आणि भोवती नुसतं आभाळ आणि गवत. मोबाईलवर ती माणसं दिसणारच नाहीत मग प्रश्न 11 मधली मारामारी तुम्हाला कळणार कशी? टीव्ही लावा, दिवे घालवा, मधे जेवणाचा ब्रेक घ्या हवं तर.

आणि सुरुवातीची टायटल्स पळवू नका. घोडागाडीची चाकं, घोड्यांचे पाय, धूळ, सॉल बासनं केलीत ती, आणि त्यावर जेरोम मोरॉसचं संगीत. तेवढ्यानंच अंगावर काटा येतो.

9. मुलांबरोबर बघता येईल का?

बारा-तेरा वर्षांच्या पुढच्यांना चालेल असं माझं मत. रक्त फार दाखवत नाहीत. पण उत्तरार्धात बक रात्री ज्युलीच्या खोलीत शिरून जबरदस्ती करायचा प्रयत्न करतो, सीन छोटा आहे आणि त्याला अडवलं जातं, तरी आधी माहीत असलेलं बरं.

(इथून पुढे शेवट उघडा आहे.)

10. मॅके भित्रा आहे का? हॅट उडवली, दोरीनं ओढलं, तरी गप्प का बसला?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि विचारणाऱ्याचा सूर नेहमी पॅट्रिशियासारखाच असतो :) म्हणजे वायलरनं आपल्याला बरोबर तिच्या जागी नेऊन बसवलंय.

क्रम बघा. बक आणि त्याची पोरं गाडी अडवून त्याची चेष्टा करतात, तो सोडून देतो, म्हणतो जहाजावर नवशिक्यांची याहून वाईट खोडी काढतात. मग लीच सगळ्यांसमोर त्याला 'ओल्ड थंडर' या बेफाम घोड्यावर बसायला सांगतो, कारण त्या घोड्यानं नवख्याला आपटणं ही तिथली करमणूक आहे. मॅके नको म्हणतो. सगळ्यांची तोंडं पडतात. आणि मग सगळे बाहेर गेल्यावर, फक्त रामॉन समोर असताना, तो तोच घोडा बाहेर काढतो, पडतो, परत बसतो, परत पडतो, किती वेळा ते मोजायचं सोडून द्या, शेवटी बसतोच. आणि रामॉनला सांगतो कोणाला सांगू नकोस.

म्हणजे त्याला घोड्यावर बसायचं होतंच. बघे नको होते. स्वतःला जे सिद्ध करायचं ते स्वतःपुरतं, हे एक सूत्र धरलं की मॅकेचं सगळं वागणं उलगडतं, नकाशा आणि कंपास घेऊन एकटा माळावर जाणं (जहाजवाला आहे, हरवेल कसा?), लीचशी मारामारी, सगळं. पार्टीत एक जण त्याला मोठ्या अभिमानानं विचारतो की एवढं मोठं काही बघितलंत का कधी, तो शांतपणे म्हणतो हो, दोन महासागर. तो माणूस बढाई मारत नाहीये, त्याला खरंच विचारलं म्हणून खरं सांगतो.

11. लीच आणि मॅकेची मारामारी इतक्या लांबून का दाखवलीय? नीट दिसतच नाही.

नीट दिसू नये म्हणूनच. आधी लीच त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणतो आणि मॅके तिथे हात उचलत नाही, पॅट्रिशिया शरमेनं लाल होते. मग उजाडायच्या आत मॅके निरोप घ्यायला म्हणून लीचच्या खोलीवर जातो आणि म्हणतो चल आता बाहेर. दोघं चांदण्यात मारतायत, पडतायत, उठतायत, दमतायत, आणि कॅमेरा मधेच एवढा मागे जातो की भल्याथोरल्या माळावर दोन ठिपके हलताना दिसतात.

नेहमीच्या वेस्टर्नमध्ये अशा मारामारीला दारूच्या गुत्त्यात गर्दी असते, टेबलं मोडतात, बघणारे आरोळ्या देतात. इथे बघायला कोणी नाही. आणि शेवटी कोणी जिंकत पण नाही, दोघं धापा टाकत उभे आणि मॅके विचारतो, आता सांग लीच, काय सिद्ध झालं? लीचकडे उत्तर नसतं. पण लीच बदलतो तो इथून, हे विसरू नका, प्रश्न 14 ला लागेल.

12. रूफस हॅनसी व्हिलन आहे का? मला तर तोच आवडला.

मलाही. मेजर सभ्य कपड्यातला आणि रूफस रानटी, अशी सुरुवातीला आपली समजूत करून दिली जाते. मग मेजर मॅकेच्या हॅटचं निमित्त करून ब्लँको कॅन्यनवर धाड घालतो, तिथे पुरुष नसतात, बायका आणि पोरं असतात, आणि त्यांच्यासमोर पाण्याची टाकी गोळ्यांनी फोडली जाते. पाण्याची टाकी, त्या कोरड्या दरीत! ते बघितल्यावर सभ्यपणाचं काय उरलं?

त्यानंतर पॅट्रिशियाच्या पार्टीत संगीत चाललेलं असताना रूफस हातात बंदूक घेऊन एकटा आत येतो. सगळं शांत. तो भर सभेत मेजरला ढोंगी म्हणतो, बंदूक फरशीवर टाकतो आणि पाठ फिरवून सांगतो, पाठीत गोळी घालायची तुझी सवय ना, घाल. आणि तसाच चालत बाहेर जातो. या भूमिकेसाठी बर्ल आइव्ह्जला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. मूळचा लोकगीतं गाणारा माणूस हा, आणि आवाज कुठे सोडायचा कुठे धरायचा ते त्याला किती कळतं ते या एका सीनमध्ये ऐका.

तरी रूफस निर्दोष नाही हां. ज्युलीला डांबून ठेवतो, तिच्या नावाचा मेजरसाठी सापळा लावतो. त्याला न्यायाची चाड आहे पण वैर त्याहून मोठं आहे.

13. पॅट्रिशिया इतकी वाईट का दाखवलीय?

वाईट नाही, बापाची मुलगी आहे. तिनं आयुष्यात एकच पुरुष मोठा मानलाय आणि मॅकेकडनंही तिला तेच हवंय, लोकांसमोरचं शौर्य. मॅके तिला लग्नाची भेट म्हणून बिग मडी विकत घेतो हे कळल्यावर तिचा चेहरा कसा उजळतो बघा, आणि हॅनसींनाही पाणी मिळणार असं कळल्यावर दुसऱ्या क्षणी कसा बदलतो. तिला नदी नको होती, हॅनसींची तहान हवी होती. कॅरल बेकरनं हा बदल इतका खरा केलाय की राग येण्यापेक्षा वाईट वाटतं. लिखाणात मात्र तिला थोडं अर्धवट सोडलंय हे मान्य, उत्तरार्धात ती जवळजवळ गायबच होते.

14. लीच आधी मेजरला 'नाही' म्हणतो आणि मग त्याच्या मागे का जातो?

पिक्चरमधला माझा सगळ्यात लाडका सीन, एक शब्द नाही त्यात. मेजरला दरीत घुसायचंय, ज्युलीला सोडवायचं हे निमित्त, लीचला कळतंय की हा सापळा आहे आणि माणसं मरतील. आयुष्यात पहिल्यांदा तो मेजरला नाही म्हणतो. मेजर म्हणतो ठीक आहे, आणि म्हातारा एकटा घोडा दरीत घालतो. पांढऱ्या कड्यांमधनं एकटा स्वार जातोय. मग मागनं टापा येतात, लीच येऊन शेजारून चालू लागतो, मेजर त्याच्याकडे बघतो, चेहऱ्यावर किंचित समाधान, आणि मग वळणामागनं बाकीचे सगळे. मोरॉसचं संगीत एकेक पायरी चढत जातं.

आता बघताना आपली छाती भरून येते ना? येतेच. आणि तिथेच वायलर आपल्याला पकडतो, कारण हे सगळे एका चुकीच्या कामासाठी मरायला चाललेत हे आपल्याला माहितीय. लीचला चूक कळलीय तरी ज्यानं वाढवलं त्याला एकटं मरू देणं त्याला जमत नाही. मॅकेच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे अजून नाही. वैरं अशीच चालतात, द्वेष दोन माणसांचा असतो आणि बाकीचे सगळे माया म्हणून, उपकार म्हणून, लाज म्हणून मागनं येतात.

15. द्वंद्वात बकनं आधीच गोळी झाडली, मग मॅकेला नंतर गोळी मारायचा हक्क कसा? हे अन्यायाचं नाही का?

नाही, जुन्या द्वंद्वाचा नियमच तो. पिस्तुलं जोडीची, प्रत्येकात एकच गोळी. पाठीला पाठ लावून ठरलेली पावलं चालायचं, वळायचं, खूण झाल्यावर झाडायचं. एकानं झाडून झालं आणि दुसरा उभा असेल तर दुसऱ्याची गोळी शिल्लक आहे, आणि पहिल्यानं जागेवर उभं राहून ती घ्यायची असते. बक खुणेच्या आधीच झाडतो, गोळी मॅकेच्या कपाळाला चाटून जाते. आता बकनं उभं राहायला हवं, पण तो गाडीखाली लपतो. मॅके जवळ येतो, नेम धरतो, आणि गोळी मातीत घालतो.

वडील ज्या पिस्तुलांच्या पायी गेले त्यातली गोळी त्यानं मातीत घातली, ही गोष्ट मला त्या सीनमध्ये सगळ्यात महत्त्वाची वाटते.

16. रूफसनं स्वतःच्याच मुलाला गोळी का घातली?

द्वंद्व संपल्यावर बक शेजारच्याची बंदूक हिसकून निःशस्त्र मॅकेवर रोखतो, रूफस त्याला तिथेच मारतो. त्यानं आधीच बजावलेलं असतं. मग तोच म्हातारा मुलाला कुशीत घेऊन बसतो, मी सांगितलं होतं ना तुला, असं काहीतरी पुटपुटत. ज्या माणसानं मेजरला "पाठीत गोळी घालणारा" म्हणून भर सभेत हिणवलं, त्याच्या पोटचा पोरगा तेच करायला निघाला, हे त्याला सहन झालं नाही, असं मी वाचते. पण नुसतं तत्त्व नाही ते, प्रेमही आहे, आइव्ह्जचा चेहरा बघा.

17. शेवटी पाणी कोणाला मिळालं?

खरेदीखत मॅकेच्या नावावर आहे आणि त्यानं रूफसला तोंडावर शब्द दिलाय की पाणी दोघांनाही, जसं आधी होतं तसं. रूफस त्यावर विश्वासही ठेवतो! म्हणजे पाण्याचा तंटा तिथे संपला. तरीही रूफस बंदूक उचलून मेजरला शोधत दरीत जातो, सगळ्यांना मागे ठेवून, फक्त आपण दोघं म्हणतो, आणि दोघं एकमेकांच्या गोळीनं पडतात. प्रश्न 4 मध्ये म्हटलं तेच इथे पुरं होतं, पाणी मिटलं, वैर नाही मिटलं. ते दोघं पडल्यावर तिथे उभ्या असलेल्या बाकी कोणालाही लढायचं कारण सुचत नाही, सगळ्या बंदुका आपोआप खाली.

लीच आणि पॅट्रिशियाचं पुढे काय, मॅके आणि ज्युलीचं लग्न होतं का, हे दाखवत नाहीत. मॅके, ज्युली आणि रामॉन घोड्यांवरनं टेकडी उतरून जाताना दिसतात एवढंच.

18. शेवट जरा घाईत उरकल्यासारखा वाटला. का?

त्याचं एक कारण आहे. वायलरला पुढच्या पिक्चरसाठी, म्हणजे 'बेन-हर'साठी, रोमला जायचं होतं, त्यामुळे शेवटचे शॉट्स त्याचा एडिटर रॉबर्ट स्विंक यानं घेतले. वायलर ते बघून खूशच झाला म्हणतात. मला स्वतःला तो शेवट घाईचा वाटत नाही, दोन म्हातारे गेल्यावर अजून बोलायचं काय राहतं? हेस्टनला 'बेन-हर'ची मुख्य भूमिका मिळाली ती यातलं काम वायलरनं जवळून बघितल्यावर.

19. पेक आणि वायलर एकमेकांशी भांडले होते हे खरं?

खरं. दोघं जुने दोस्त, दोघं प्रोड्यूसर. घोडागाडीवरच्या त्या छळाच्या सीनमधला स्वतःचा क्लोजअप पेकला परत घ्यायचा होता, वायलरनं घेतला नाही, पेक सेट सोडून निघून गेला. शूटिंग पूर्ण झालं पण मग जवळजवळ तीन वर्षं बोलणं बंद. 'बेन-हर'च्या ऑस्करच्या वेळी, म्हणजे 1960 मध्ये, पेकनं जाऊन अभिनंदन केलं आणि अबोला सुटला. वायलर तेव्हा हात हातात घेऊन म्हणाला की तरी पण तो घोडागाडीचा सीन परत घेणार नाही, असा किस्सा सांगितला जातो. एक जण पुढे आला म्हणून मिटलं, बघा.

20. संगीत इतकं गाजलं, मग त्याला ऑस्कर का नाही?

नॉमिनेशन होतं, त्या वर्षी बक्षीस दिमित्री तिओमकिनला गेलं. मोरॉसनं ती मुख्य धून ज्या मोकळेपणानं लिहिलीय तो म्हणे त्याला 1936 मध्ये न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीजवळच्या सपाट माळावर चालताना जाणवला होता. न्यूयॉर्कच्या माणसाला पहिल्यांदा एवढं आभाळ दिसलं की काय होत असेल ते त्या व्हायोलिनांत ऐकू येतं.

21. हा शीतयुद्धावरचा पिक्चर आहे असं वाचलं, ते कसं काय?

1958 साल, अमेरिका आणि रशिया एकमेकांवर बॉम्ब रोखून बसलेले, आणि पडद्यावर दोन म्हातारे आपापल्या माणसांना एकमेकांवर घालायला निघालेत आणि मधे एक बाहेरचा माणूस म्हणतोय पाणी दोघांना पुरेल. तसं वाचणारे तेव्हापासून आहेत आणि ते वाचन बसतंही. पण मला वायलरचं आयुष्य जास्त जवळचं वाटतं. तो महायुद्धात बॉम्बफेकी विमानांत बसून शूटिंग करत होता, त्यात एका कानानं ऐकू येणं गेलं. याच्या दोनच वर्षं आधी त्यानं युद्ध न मानणाऱ्या क्वेकर कुटुंबावर 'फ्रेंडली पर्सुएशन' केला होता, आणि तो ज्या पुस्तकावरनं केला त्याची लेखिका जेसमिन वेस्ट हिनंच या पिक्चरच्या पटकथेवरही काम केलंय. मारायला नकार देणारा माणूस भित्रा की शूर, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

22. रामॉनचं पात्र आता बघताना खटकतं. तुमचं मत काय?

खटकतं, मलाही. मोडकं इंग्रजी, सारखं हसणं, मालकाचं ऐकणं, त्या काळच्या हॉलिवूडनं मेक्सिकन माणसांना जे दिलं तेच. अल्फॉन्सो बेदोयाला आयुष्यभर असेच रोल मिळाले. आणि हा त्याचा शेवटचा, 1957 च्या डिसेंबरमध्ये तो गेला, पिक्चर लागलेला बघायला मिळाला नाही.

पण एवढं बघा की ओल्ड थंडरच्या सीनमध्ये मॅकेला बघणारा तोच एकटा आहे. त्याला मॅके पडेल याची मजा नको असते, तो पडेल म्हणून काळजी वाटत असते. पुढे पॅट्रिशिया खोदून खोदून विचारते तेव्हा तोच तिला खरं काय ते सांगतो, आणि ब्लँको कॅन्यनला जाताना मॅकेबरोबर एकटा तोच असतो. पुढच्या वेळी तो घोड्याचा सीन मॅकेकडे न बघता बेदोयाच्या चेहऱ्याकडे बघत बघा.